आरपीएन, एपी की माँटे कार्लो: लीक टेस्टर घ्यायचा हे कशावरून ठरवाल?

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या जवळपास प्रत्येक कंपनीत एफएमईएचं शीट असतं, म्हणजे काय बिघडू शकतं आणि त्याचा परिणाम काय होईल याची गुणांसकट यादी. आयएटीएफ १६९४९ चा (गाडी उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डचा) ऑडिटर आला की पहिल्यांदा तेच मागतो, त्यामुळे शीट ठेवावं का यावर वाद घालण्यात अर्थ नाही. वाद पैशांवरून होतो. वीस लाखांचा लीक टेस्टर (पार्ट गळतो का ते तपासणारं मशीन) घ्यावा का, असं प्लांट हेड विचारतात आणि क्वालिटीवाला आरपीएन दाखवतो. तो आकडा हे काम करू शकतो का, आणि करत नसेल तर काय वापरावं, एवढंच इथे पाहू.

आरपीएन म्हणजे सिव्हिरिटी (परिणाम किती गंभीर), ऑकरन्स (दोष किती वेळा येतो) आणि डिटेक्शन (तो पकडणं किती अवघड) यांचा गुणाकार. प्रत्येकाला १ ते १० गुण, १० सगळ्यात वाईट, म्हणून कमाल १०००. शिकवायला सोपं, मीटिंगमध्ये पटकन भरून होतं. घोळ गुणाकारात आहे. हे गुण म्हणजे वर्गातले क्रमांक, मोजमाप नव्हे. एआयएजी या अमेरिकेतल्या वाहन उद्योगाच्या संघटनेच्या एफएमईए पुस्तकाच्या जुन्या चौथ्या आवृत्तीत ऑकरन्स ४ म्हणजे दहा हजारांत एक आणि ८ म्हणजे पन्नासात एक. गुण दुप्पट झाला, दोष दोनशेपट वाढले. अशा गुणांच्या गुणाकारातून जोखमीचा अंदाज निघत नाही, निघतो फक्त एक मोठा आकडा. गंमत म्हणजे १००० पर्यंतच्या या पट्टीवर प्रत्यक्षात १२० च वेगळे आकडे येऊ शकतात. ९०० नंतर थेट १०००.

त्यात बऱ्याच ठिकाणी ‘शंभरच्या वर गेलं तर ॲक्शन’ असा नियम असतो. मग १२० आलेल्या ओळीत डिटेक्शनचा एक गुण हळूच कमी होतो आणि ओळ ९६ वर येऊन बसते. (९९ कधीच दिसणार नाही, त्यासाठी कुणाला तरी ११ गुण द्यावे लागतील!) मशीनवर काहीच बदललेलं नसतं.

एआयएजी आणि जर्मनीच्या व्हीडीए या वाहन उद्योगाच्या संघटनेने २०१९ मध्ये संयुक्त हँडबुक काढलं आणि आरपीएनच्या जागी ॲक्शन प्रायॉरिटी, म्हणजे एपी, आणली. यात गुणाकार नाही. तिन्ही गुण तेच, पण तक्त्यात पाहून हाय, मीडियम किंवा लो ठरतं आणि सिव्हिरिटीला पहिला मान. फरक दोन ओळींत कळतो. ब्रेक होजचं क्रिम्पिंग (टोकाचं फिटिंग दाबून बसवणं) ढिलं राहणं: सिव्हिरिटी १०, ऑकरन्स ४, डिटेक्शन २, आरपीएन ८०. प्लॅस्टिक कव्हरची खडखड: ४, ५, ६, आरपीएन १२०. जुन्या हिशेबात खडखडीवर आधी काम होणार आणि ब्रेक होज शंभरच्या आत म्हणून सुटणार. एपीमध्ये होजला हाय, खडखडीला लो. नवीन शीट करत असाल तर एपीच घ्या, यात मला तरी दुसरं मत दिसत नाही.

पण लीक टेस्टरच्या प्रश्नाला एपीही उत्तर देत नाही. ‘हाय’ म्हणजे किती लाख? ते तक्त्यात नाही.

इथे माँटे कार्लो कामाला येतं, म्हणजे रेंजमधून पुन्हा पुन्हा रँडम आकडे घेऊन हजारो शक्य वर्षांचा हिशेब करून बघणं. नाव भारी असलं तरी एक्सेलमध्ये दहा हजार ओळी आणि रँड फंक्शन एवढ्यात भागतं. एकच आकडा सांगायच्या ऐवजी रेंज सांगायची. समजा वर्षाला दहा लाख पार्ट जातात. अनुभवी माणसं नव्वद टक्के खात्रीने म्हणतात की फील्डमध्ये (ग्राहकाच्या गाडीत) २० ते २०० पार्ट गळतील आणि क्लेममागे सरासरी खर्च ४ हजार ते ४० हजार पडेल. दोन्हींना लॉगनॉर्मल (बहुतेक आकडे लहान, क्वचित फार मोठे) धरून चालवलं तर मधलं वर्ष, म्हणजे निम्मी वर्षं ज्याच्या खाली असतात ते, साधारण ८ लाखांचं येतं, सरासरी मात्र १३ लाख, आणि वीसात एक वर्ष ४१ लाखांच्या वर. टेस्टरने सगळी गळती पकडली असं धरलं, तर ८ लाखांच्या हिशेबाने वीस लाख वसूल व्हायला अडीच वर्षं लागतात, १३ लाखांच्या हिशेबाने दीड वर्ष. पैशांचा निर्णय सरासरीवर घ्यायचा, कारण अधूनमधून येणारं वाईट वर्षही आपल्याच खिशातून जातं.

हे वापरताना दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, रबराचा खराब लॉट आला तर गळती वाढते आणि रिकॉलमुळे क्लेमचा खर्चही वाढतो. वरच्या हिशेबात दोन्ही गोष्टी एकमेकींपासून सुट्या धरल्यात, म्हणून ८० लाखांच्या वरचं वर्ष शंभरात एक निघतं. दोन्ही पूर्णपणे हातात हात घालून चालत असतील तर तेच वर्ष वीसात एक होतं. शीट करणाऱ्याने हे विचारलं नसेल तर छान ग्राफ निघतो आणि शेपूट, म्हणजे क्वचित येणारी फार महागडी वर्षं, दिसतच नाही. दुसरं, माणसं रेंज फार अरुंद सांगतात. नव्वद टक्के खात्री म्हणतात आणि निम्म्या वेळा चुकतात. ज्यांची उत्तरं आपल्याला माहीत आहेत असे जुन्या क्लेमचे दहा प्रश्न आधी विचारून बघा. नऊच्या आसपास रेंजमध्ये बसले पाहिजेत. पाचच बसले तर त्या माणसाच्या रेंज रुंद करूनच वापरा.

आणि हे सगळं करण्याआधी गेज आर अँड आर, म्हणजे तोच पार्ट पुन्हा किंवा दुसऱ्या माणसाने मोजला तर मापात किती फरक पडतो याची तपासणी. तुमच्या सध्याच्या गेजचा हा फरक ३० टक्क्यांच्या वर असेल तर गळतीचा डेटाच भरवशाचा नाही. तिथे दहा हजार ओळी चालवण्यापेक्षा गेज दुरुस्त करणं स्वस्त पडतं.

पाच-पंचवीस हजारांच्या पोका-योकेसाठी (चूक होऊच न देणारी साधी सोय) माँटे कार्लो करत बसू नका, एपी बघा आणि बसवून टाका. मशीन, सप्लायर बदलणं किंवा वॉरंटीची तरतूद असले निर्णय असतील तरच रेंजचा खटाटोप वसूल होतो, आणि तोही एफएमईएमधल्या चार-पाच ओळींसाठी. ग्राहक अजून आरपीएन मागत असेल तर पीपीएपीच्या (पार्टला ग्राहकाची मंजुरी घेण्याच्या) फाइलमध्ये तो कॉलम राहू द्या. फक्त कामाची यादी त्यावरून सॉर्ट करू नका.