खोक्यावर ‘एचडीएमआय २.१’, पोर्ट मात्र १८ गिगाबिटचा

पीएस५ या गेमिंग कन्सोलसाठी मॉनिटर घेणार असाल तर खोक्यावरच्या ‘एचडीएमआय २.१’ (चित्र-आवाज वाहून नेणाऱ्या जोडणीची नवी आवृत्ती) या स्टिकरवर विसंबू नका. पुण्यातल्या एका दुकानदाराने मला असाच एक मॉनिटर गळ्यात मारला. ‘४के, १२० हर्ट्झ, एचडीआर, पीएस५वर सगळं चालेल,’ असं त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही दिलं होतं. म्हणजे खूप बारकावे दाखवणारं ४के चित्र, सेकंदाला १२० वेळा ताजं होणारं, एचडीआरमुळे उजेड-सावलीचे जास्त स्तर दाखवणारं.

प्रत्यक्षात ४के फक्त ६० हर्ट्झवर चालतं. १२० हवं असेल तर १०८०पी, म्हणजे कमी बारकाव्याचं चित्र. तक्रार केली तर म्हणाला, केबल खराब असेल. पीएस५सोबत २.१साठीची अल्ट्रा हाय स्पीड केबलच येते, तरी त्याने ‘८के’ छापलेली महागडी केबल विकली. काडीचाही फरक पडला नाही, कारण खोट पोर्टातच आहे.

तो पोर्ट सेकंदाला १८ गिगाबिटच वाहून नेतो, म्हणजे जुन्या २.० इतकंच. ४के, ६० हर्ट्झ, प्रत्येक मूळ रंगाला ८ बिट देऊन पूर्ण रंगात पाठवलं की तेवढ्यातच तो भरतो. एचडीआरला १० बिट लागतात, म्हणून ६०वरसुद्धा रंगांची माहिती कमी करून ४:२:२ पाठवावं लागतं. ४के १२० हर्ट्झ एचडीआर पूर्ण रंगात हवं तर साधारण ४० गिगाबिट लागतात. पीएस५ स्वतः ३२पर्यंतच जातो, तोही १२०ला ४:२:२ वापरतो; पण १८मध्ये तेही मावत नाही.

मग स्टिकर खोटं का ठरत नाही? एचडीएमआयचे परवाने देणाऱ्या संस्थेने २०२१च्या अखेरीस स्पष्ट केलं की २.०चं वेगळं लेबल आता नाही आणि २.१ची नवी वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत. कोणती दिली आहेत ते कंपनीने सांगायचं असतं. ही पळवाट ग्राहकाच्या मुळावर आली आहे, आणि मला याची मनस्वी चीड येते. खोक्यावरचं ‘१४४ हर्ट्झ’ही खरं होतं, पण फक्त डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीवर. पीसीवाल्यांचं त्यावर भागेल. पीएस५ला डिस्प्लेपोर्टच नाही.

घेण्याआधी एचडीएमआय पोर्ट किती गिगाबिटचा आणि त्यावर ४केला किती हर्ट्झ मिळतात, हे बिलावर लिहून घ्या. टीव्ही असेल तर प्रत्येक पोर्टचं वेगळं विचारा, सगळे सारखे नसतात. केबलच्या वेष्टनावरचा क्यूआर कोड अधिकृत अ‍ॅपने तपासा.

दुकानदार परत घ्यायला तयार नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, १९१५वर, तक्रार नोंदवली आहे.