टँकरच्या धोका-पाट्यांचा तयार संच: लेबल चोख, आकडे बेभरवशाचे

भोसरी, निगडी भागातल्या रेडियमवाल्यांकडे धोकादायक माल नेणाऱ्या टँकरसाठी तीन पाट्यांचा तयार संच मिळतो. दोन्ही बाजूंना एकेक आणि मागे एक, म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियम १३४ मध्ये सांगितलेल्या तिन्ही जागा भरतात. पाटी ॲल्युमिनियमची, वर रेडियम शीट. शंकरपाळ्याच्या आकाराचं, धोक्याचा वर्ग दाखवणारं लेबल पुरतं २५० मिमी भरतं आणि त्यावर पारदर्शक लॅमिनेशन आहे. ते हवंच. साध्या छपाईचा लाल रंग उन्हात सगळ्यात आधी उडतो, आणि टाकीच्या झाकणातून ओघळलेलं सॉल्व्हंट शाईच धुऊन नेतं.

मजकुरात मात्र संच कमी पडतो. मालाचं नाव किमान ५० मिमी उंच हवं, इथे ते ४० मिमी आहे. यूएन नंबराचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या यादीतल्या मालाच्या चार आकडी नंबराचे, आकडे १०० मिमीचे आहेत खरे, पण चार सुट्या पट्ट्या खाचेत सरकवाव्या लागतात. ही रचना आम्हाला धोक्याची वाटते. पेट्रोलचा नंबर १२०३, मिथेनॉलचा १२३०! शेवटच्या दोन पट्ट्यांची अदलाबदल झाली की माल बदलला. दोन्ही वर्ग ३ चे, म्हणजे ज्वलनशील द्रव, लेबलवरची ज्वाळा तीच, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. आग लागल्यावर मात्र फरक पडतो. मिथेनॉल आग विझवायच्या नेहमीच्या फोममधलं पाणी ओढून घेतं आणि फोमचा थर विरतो. त्याला अल्कोहोल-रोधक फोमच लागतो. त्याची ज्वाळा दिवसाउजेडी जेमतेम दिसते, म्हणून अग्निशमन जवानांना दुरून वाचता येणारा तो नंबरच मोठा आधार. जून २०२३ मध्ये खंडाळ्याजवळ कुणे पुलावर टँकर पेटला, तेव्हा पुलाखालच्या रस्त्यावरची माणसंही गेली.

चारही आकडे एकाच अखंड पट्टीवर कापून घ्या आणि खाचेच्या तोंडाला स्प्लिट पिन लावा, नाहीतर घाटातल्या हादऱ्यांनी पट्टी सरकते. पाटी बसवताना टाकीच्या पत्र्याला भोक पाडू नका, ब्रॅकेटवरच बसवा. मागची पाटी शिडीआड जात नाही ना, तेही बघा.

माल पाठवणाऱ्याच्या फोन नंबरासाठी कोरी जागा आहे. तिथे मार्करने लिहिलेलं पहिल्या पावसातच जातं. तोही नंबर ५० मिमीत कापून चिकटवा. माल उतरला म्हणून पाट्या काढू नका. टाकी धुऊन गॅसमुक्त होईपर्यंत आत वाफ असतेच.