स्क्रीनरवरचा पीई फिल्टर एज्युकेशन कंपन्यांच्या शेअरसाठी कितपत कामाचा: वापरून लिहिलेला रिव्ह्यू

स्टॉक स्क्रीनरमध्ये, म्हणजे अटी टाकून शेअर्स गाळून देणाऱ्या साइट किंवा ॲपमध्ये, पीईचा फिल्टर असतो ना, 15 पेक्षा कमी टाकलं की स्वस्त शेअर्सची लिस्ट समोर, त्याचा हा रिव्ह्यू आणि तोही एकाच सेक्टरपुरता, एज्युकेशन. कुठल्या एका ॲपचं नाव घेत नाहीये कारण हे फीचर सगळीकडे जवळपास सारखंच असतं, बहुतेक ठिकाणी फुकट मिळतं आणि शेअर स्वस्त की महाग हे बघायला बरेच जण सगळ्यात आधी तेच उघडतात. रेटिंग आधीच देऊन टाकते. पुस्तकं छापणाऱ्या कंपन्यांसाठी 5 पैकी 4. वर्षाची फी आधी घेऊन मग शिकवणाऱ्या क्लासेस, कॉलेज टाइप कंपन्यांसाठी अडीच. सबस्क्रिप्शनवर चालणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांसाठी 1, आणि तो 1 पण फार विचार करून दिलाय.

नवीन लोकांसाठी पटकन सांगते. शेअरची किंमत भागिले प्रति शेअर वर्षाची कमाई (ईपीएस) म्हणजे पीई. किंमत 300, ईपीएस 15, तर पीई 20. उलटा करून बघितला तर 5 टक्के, म्हणजे आजच्या भावात घेतलेल्या 100 मागे कंपनी वर्षाला 5 कमावतेय. हा उलटा आकडा मला जास्त आवडतो कारण त्यात लगेच प्रश्न पडतो की हे 5 पुढच्या वर्षी पण येणार का, वाढणार का. पीईचं सगळं भवितव्य या एका प्रश्नावर आहे, आणि एज्युकेशनमध्ये नेमकं तिथेच गाडं अडतं, कारण इथे पैसा आधी येतो आणि कमाई नंतर दिसते.

हे जरा नीट समजून घ्या, रिव्ह्यूचा गाभाच हा आहे. विद्यार्थी ॲडमिशन घेतो, वर्षाची फी भरतो, पैसे बँकेत जमा. पण अकाउंटिंगच्या नियमाने ती फी त्या दिवशी उत्पन्न धरता येत नाही, जसं जसं शिकवत जाल तसं तसं थोडं थोडं उत्पन्न म्हणून दाखवायचं, उरलेली रक्कम बॅलन्स शीटवर देण्याच्या बाजूला, डिफर्ड रेव्हेन्यू म्हणून किंवा अशाच कुठल्या नावाने. आता समजा ॲडमिशन वर्षाच्या बरोबर मध्यावर होतात, फी 12, आणि दर वर्षी 1000 विद्यार्थी येतात. मग वर्षाचं उत्पन्न 12000, त्यातलं निम्मं मागच्या बॅचचं आणि निम्मं नव्या बॅचचं. पुढच्या वर्षी 700 च आले. फी जमा झाली 8400, सरळ 30 टक्के कमी. पण उत्पन्न किती दिसणार? मागच्या बॅचचे 6000 अधिक नव्या बॅचचे 4200, म्हणजे 10200, फक्त 15 टक्के घसरण. त्यात मॅनेजमेंटने जाहिरातीचा खर्च कापला तर नफा जिथल्या तिथे राहू शकतो, कधी कधी वाढलेला पण दिसतो. इकडे मार्केटला मात्र वास लागलेला असतो, शेअर 300 वरून 165 वर आलेला असतो, ईपीएस अजून 15 च, आणि स्क्रीनर तुम्हाला दाखवतो पीई 11, स्वस्त!

म्हणजे धंदा सगळ्यात वाईट वळणावर असताना हा फिल्टर सगळ्यात मोठ्याने बोलावतो.

उलट बाजू पण तितकीच खरी आहे आणि तिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. ॲडमिशन जोरात वाढत असलेली कंपनी जाहिरातीचा, नव्या सेंटरचा, नव्या शिक्षकांच्या पगाराचा खर्च आत्ता दाखवते आणि फीचा मोठा भाग पुढच्या वर्षात जातो. त्यामुळे चांगल्या वर्षात नफा दबलेला, पीई 45-50, आणि 15 चा फिल्टर लावणाऱ्याच्या लिस्टमध्ये ती कंपनी येतच नाही. चांगली वगळायची आणि आजारी पुढे करायची, अशी या फिल्टरची खोड आहे. सगळ्या सेक्टरमध्ये थोडीफार असते पण ऍडव्हान्स फीमुळे इथे जास्त.

यावर तपासणी सोपी आहे, पाच मिनिटांची. बॅलन्स शीट उघडून डिफर्ड रेव्हेन्यू मागच्या वर्षी त्याच तारखेला किती होता आणि आता किती आहे बघायचं, त्याच तारखेला हे महत्त्वाचं, कारण ॲडमिशनच्या सीझननंतर तो फुगतोच आणि बॅच संपता संपता उतरतोच. मग ऑपरेटिंग कॅश फ्लो, म्हणजे धंद्यातून प्रत्यक्ष हातात आलेली रोकड, आणि निव्वळ नफा शेजारी शेजारी ठेवायचे. नफा टिकलाय पण डिफर्ड रेव्हेन्यू आणि कॅश दोन्ही उतरतायत, तर त्या पीई 11 वर मी विश्वास ठेवत नाही. पीई 40 आहे पण आगाऊ फी नफ्यापेक्षा वेगाने वाढतेय, तर तो 40 वाटतो तितका महाग नाही. फी जमा करायची पद्धत बदलली असेल, म्हणजे आधी वर्षाची एकदम घ्यायचे आणि आता हप्त्याने घेतात, तर हा आकडा पण फसवतो, तेव्हा विद्यार्थ्यांची संख्याच बघावी लागते, बऱ्याच कंपन्या रिझल्टसोबत ती देतात.

आता कमाईच्या आकड्यात दुसरीच भेसळ असते त्याबद्दल. अमेरिकेतली चेग, होमवर्कला मदत करणारी सबस्क्रिप्शन कंपनी. 2022 मध्ये तिचा निव्वळ नफा सुमारे 26 कोटी 70 लाख डॉलर दिसला, उत्पन्न जेमतेम 77 कोटी डॉलर असताना. इतकं मार्जिन कुठून आलं? त्यातला मोठा हिस्सा टॅक्सच्या एकवेळच्या फायद्याचा आणि स्वतःचं कर्ज दर्शनी किमतीपेक्षा कमी भावात परत विकत घेतल्याच्या नफ्याचा होता. शिकवण्याच्या धंद्यातून आलेला नव्हता तो. पण ट्रेलिंग पीई, म्हणजे मागच्या बारा महिन्यांच्या कमाईवरचा पीई, काढणारं सॉफ्टवेअर निव्वळ नफा उचलतं आणि भागतं, बाकी त्याला काही देणंघेणं नसतं, त्यामुळे 2023 च्या सुरुवातीला पीई बघून हा शेअर चांगलाच स्वस्त वाटत होता. मग मे 2023 मध्ये कंपनीनेच सांगितलं की चॅटजीपीटीमुळे नवीन ग्राहक येण्यावर परिणाम होतोय, आणि 2 मेला शेअर एका दिवसात जवळपास निम्म्यावर आला. 2024 ला तर 83 कोटी डॉलरपेक्षा जास्त तोटा, त्यातला बराचसा गुडविल (दुसऱ्या कंपन्या घेताना मोजलेली जादा किंमत) वगैरे राइट ऑफ केल्याचा, म्हणजे हिशेबातून पुसून टाकल्याचा, म्हणजे तो आकडा पण चालू धंद्याचा खरा आकडा नाहीच. तोटा आला की बऱ्याच स्क्रीनरवर पीईच्या जागी नुसती एक डॅश.

चेगसारखंच पण चांगल्या प्रकृतीच्या कंपनीत काय होतं ते भाषा शिकवणाऱ्या ॲपवाल्या ड्युओलिंगोत बघा. 2025 च्या तिसऱ्या तिमाहीत निव्वळ नफा साधारण 29 कोटी डॉलर आला आणि त्यातले 22 कोटींच्या वर टॅक्सचा एकवेळचा फायदा. पुढचे चार रिझल्ट येईपर्यंत हा आकडा ट्रेलिंग कमाईत बसून राहतो, पीई एकदम खाली, आणि चार्टवर बघणाऱ्याला वाटतं व्हॅल्युएशन किती आकर्षक झालंय. वर्षभराने तो आकडा गळून पडला की काहीही न बिघडता पीई वर उडी मारेल. म्हणून सबस्क्रिप्शनवाल्यांना 1 दिलाय. यांच्यात एक तर नफाच नसतो, किंवा नुकताच सुरू झालेला असल्यामुळे इतका बारीक असतो की भागाकार 200, 300 असले आकडे देतो ज्यांचा काही अर्थ लागत नाही, किंवा मग असला एकवेळचा घास असतो. तिथे पैसे भरणारे ग्राहक किती, सोडून जाणारे किती, एक ग्राहक आणायला खर्च किती हेच विचारावं.

पुढची गोष्ट पीईच्या हातातलीच नाही, नियम. चीनमधली न्यू ओरिएंटल नफ्यातली मोठी कोचिंग कंपनी होती. जुलै 2021 मध्ये तिथल्या सरकारने शाळेच्या मुख्य विषयांच्या ट्यूशनमधून नफा कमवायलाच बंदी घातली, बातमी फुटली त्या एका दिवसात न्यूयॉर्कमधला शेअर 50 टक्क्यांहून जास्त पडला. आदल्या दिवशीचा पीई मागच्या बारा महिन्यांच्या कमाईवर अगदी बरोबर काढलेला होता आणि ती कमाई करायची वाटच बंद झाली. अमेरिकेत आयटीटी नावाची कॉलेजची साखळी 2016 ला बंद पडली, सरकारी मदतीवर शिकणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना प्रवेश देण्यावर बंदी आल्यानंतर काही दिवसांतच. म्हणून एज्युकेशन शेअर नेहमी कमी पीईला मिळतोय असं दिसलं की मी आधी शोधते की फी शेवटी कोण भरतंय, पालक, सरकार, की कर्ज देणारी बँक, आणि तो नळ एका आदेशाने बंद होऊ शकतो का. होऊ शकत असेल तर तो कमी पीई म्हणजे डिस्काउंट नाही, त्या धोक्याचा भाव आहे.

न्यू ओरिएंटलच्या बाबतीत नंतर अजून एक मजेशीर वळण आलं. तिच्याच ऑनलाइन शाखेने लाइव्ह स्ट्रीमवर शेतमाल विकायला सुरुवात केली, इंग्रजी शिकवणारे शिक्षक समोर उभे, आणि ते जोरात चाललं. म्हणजे त्या काळात तिचा पीई बघताना तुम्ही शिक्षण आणि वाणसामान दोन्हीचा मिळून पीई बघत होतात, आणि तो इतर क्लासेसवाल्यांशी लावून काय समजणार?

याच मुद्द्यावर स्क्रीनरमधल्या दोन शेजारच्या फीचर्सबद्दल नाराजी आहे. एक म्हणजे सेक्टर पीई. प्रकाशक, शाळा चालवणारे, क्लासेस, ॲपवाले सगळे एका टोपलीत, तोट्यातले बाहेर काढलेले, आणि मग एक सरासरी आकडा. तोट्यातल्या कंपन्या वगळल्यामुळे ती सरासरी मुळातच सेक्टरपेक्षा छान दिसते, आणि एखादीचा पीई 300 असेल तर तीच सगळी सरासरी ओढून नेते. तुलना करायचीच तर फी घ्यायची पद्धत सारखी असलेल्या तीन-चार कंपन्या स्वतः निवडा. दुसरं फीचर, पाच वर्षांचा सरासरी पीई. कंपनी तीच राहिली असेल तर उपयोगी आहे, पण अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियन या युनिव्हर्सिटी चालवणाऱ्या कंपनीचं बघा, 2018 मध्ये तिने युनिव्हर्सिटी वेगळ्या ना-नफा संस्थेला विकली आणि स्वतः तिला सेवा पुरवणारी कंपनी झाली. नाव तेच, शेअर तोच, कमाईची जात वेगळी. आधीचा आणि नंतरचा पीई एका रेषेत जोडून काही सिद्ध होत नाही.

अजून एक सवय बऱ्याच लोकांमध्ये दिसते, किमतीतून कंपनीकडची कॅश वजा करून पीई काढायचा, म्हणजे शेअर अजून स्वस्त दिसतो. बाकी ठिकाणी ठीक आहे. इथे करू नका प्लीज, किंवा निदान आधी डिफर्ड रेव्हेन्यू त्या कॅशमधून काढा आणि मग उरलं ते वजा करा. ती कॅश विद्यार्थ्यांची आहे, अजून शिकवायचं बाकी आहे, अर्ध्यात कोणी सोडून गेलं तर परत द्यावी लागू शकते.

प्रकाशकांना 4 का दिले ते राहिलं. तिथे पुस्तक विकलं की उत्पन्न झालं, कमाई आणि पैसा फार लांब लांब राहत नाहीत, दुकानदारांकडची उधारी आणि परत येणारा माल एवढं सांभाळलं की ईपीएसवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. फक्त दोन गोष्टी. शाळा सुरू व्हायच्या आधीची तिमाही घसघशीत असते, तिला चारने गुणून कोणी पीई सांगत असेल तर ऐकू नका, नेहमी चार तिमाही मिळूनच. आणि अभ्यासक्रम बदलला त्या वर्षी सगळ्यांना नवीन पुस्तकं घ्यावी लागतात, नफा फुगतो, पीई कमी दिसतो, पण तसं वर्ष रोज येत नाही. तिथे मी तीन-चार वर्षांच्या सरासरी कमाईवर पीई काढते, वहीत हाताने, दोन मिनिटं लागतात.

फॉरवर्ड पीईबद्दल पण विचारणार तुम्ही. तो पुढच्या वर्षाच्या अंदाजावर असतो आणि एज्युकेशनमध्ये पुढच्या वर्षाचं अर्धं उत्पन्न ॲडमिशन झाल्या झाल्या कळलेलं असतं, त्यामुळे सीझन संपल्यावर काढलेला फॉरवर्ड पीई खरंच उपयोगी आहे. सीझनच्या आधीचा नाही, तेव्हा तो निव्वळ अपेक्षा असतो.

तर मी स्वतः हा फिल्टर सोडलेला नाही, फक्त वरची मर्यादा 15 ऐवजी 50 ठेवते म्हणजे वाढणाऱ्या कंपन्या बाहेर पडत नाहीत, आणि खालची मर्यादा 0 टाकते कारण काही ठिकाणी मायनस पीई पण 15 पेक्षा कमी म्हणून लिस्टमध्ये घुसतो. बनवणाऱ्यांना एकच मागणी आहे, पीईच्या शेजारी दोन कॉलम द्या, एकवेळच्या गोष्टी काढून उरलेल्या नफ्यावरचा पीई आणि डिफर्ड रेव्हेन्यूमधला वर्षभराचा बदल. हे आकडे कंपन्यांच्या रिझल्टमध्ये असतातच, आणि ते मिळाले तर क्लासेस-कॉलेजवाल्यांचं अडीच मी त्याच दिवशी साडेतीन करेन.