पेरूचं लाटणं, चिंचेचा ठोकळा आणि फसलेला आंबा (सहा महिने वापरून)

गेल्या मे महिन्यात वळवाच्या एका तडाख्यात आमच्या सहकारनगरच्या घरासमोरचा पेरू मुळासकट आडवा झाला, आणि आंब्याची मांडीएवढी फांदी गाडीवर आली (गाडी वाचली, आरसा गेला). पेरू सासूबाईंनी लावलेला, त्यामुळे "बंबात घालू" म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. मग म्हटलं वस्तू करून बघू, लाकूडकामातलं मला पटाशी कुठल्या बाजूने धरायची एवढंच माहीत होतं तरी.

पहिला गाढवपणा म्हणजे ओंडके गच्चीवर उन्हात टाकले, चार दिवसांत दोन्ही टोकांना चांदणीसारख्या भेगा. बाहेरचं लाकूड आधी सुकून आकसतं, आतलं ओलंच असतं, ते आकसू देत नाही मग फाटणारच ना. उरलेल्यांना मी उभं चिरून दोन भाग केले, मधली गरासारखी रेघ काढून टाकली, टोकांना मेणबत्ती वितळवून मेण फासलं आणि जिन्याखाली सावलीत रचले. दर रविवारी किचनच्या काट्यावर वजन. एक तुकडा १३४० ग्रॅमवरून दिवाळीपर्यंत ९६० वर आला आणि मग तीन आठवडे हलेचना, तेव्हा समजलं की आता सुकलं. इंचाला वर्ष धरा म्हणतात, माझे तुकडे बारीक होते म्हणून लवकर झालं.

टिंबर मार्केटजवळच्या लेथवाल्या काकांनी आधी हसून घेतलं, "ताई, शिसव आणा की." मग पटाशी टेकवली आणि गप्प बसले, म्हणाले चिवट आहे हो. असणारच, लहानपणी बेचकी पेरूचीच करायचो, वाकेल पण तुटणार नाही. लाटणं झालं फिकट गुलाबीसर तपकिरी, रेघ इतकी बारीक की कणीक कुठे अडकत नाही. सहा महिने रोज पंधरा-वीस पोळ्या, एक चीर नाही. पावसाळ्याची परीक्षा बाकी आहे, तोवर दहापैकी नऊ. उरलेल्या तुकड्याचा हातोडीचा दांडा केला तोही मस्त बसलाय.

चिंच आमची नाही, सासवडजवळ मामेभावाच्या शेतात कधीची पडलेली होती त्यातली चकती आणली. मटणवाल्याकडचा ठोकळा बघा, बहुतेक ठिकाणी चिंचेचाच असतो. तंतू एकमेकांत गुंतलेले असतात त्यामुळे सुऱ्याच्या घावाने ढलपी उडत नाही. पण वजन! चार किलो, घरात माझ्याशिवाय कोणी उचलत नाही, भाजी चिरायला सगळ्यांना तो पांढरा प्लास्टिकचाच लागतो. आणि तेलाची गंमत सांगायची राहिली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, शेंगदाण्याचं लाव, घरात आहे." लावलं. महिन्याभरात चिकट आणि खवट वास. ते तेल सुकत नाही, जवसाचं सुकून घट्ट होतं. साबणाने आणि काचपेपरने सगळं घासून काढलं आणि खायचं जवसाचं तेल पातळ हाताने चारदा लावलं, आता ठीक आहे. हार्डवेअरवाल्याकडचं उकळलेलं जवस तेल खायच्या भांड्यांना नको, त्यात लवकर सुकायला धातूंचे क्षार घातलेले असतात. आणि तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेटू शकतं, पसरून वाळवा.

आता आंबा. पाट करायचा होता. रंधा मारला, घासला, दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ! नंतर आठवलं की आंबा बिब्ब्याच्याच कुळातला, चीक अंगावर उठणाऱ्यांना भुसाही बाधतो. तरी पाट झाला, दिसायला झकास, काळ्या रेघांची नक्षी उमटलेली. जानेवारीत खाली मैद्यासारखं पीठ सापडलं. मी दोनदा पुसलं, मला वाटलं खरंच कणीक सांडलीय. नीट बघितलं तर टाचणीच्या टोकाएवढी भोकं. फिकट बाहेरच्या लाकडात स्टार्च असतो, तोच किड्याला आवडतो, आणि मी साल नीट काढलीच नव्हती. फर्निचरला बोरॅक्सचं पाणी पाजतात, पण बसायच्या पाटाला कशाला म्हणून राहिले, चूक माझीच.

जांभळाचा तुकडा टाकीत टाका, पाणी शुद्ध होतं, असं व्हॉट्सॲपवर फिरतंय ना, आमच्याही ग्रुपवर आलं. पूर्वी विहिरीच्या तळाला जांभूळ घालायचे ते पाण्यात कुजत नाही म्हणून, म्हणून फिल्टर काढून ठेवू नका.

पाट उन्हात ठेवून बघितला, पीठ पडायचं थांबलं नाही. शेवटी सासूबाईंनीच मार्ग काढला, फोडून बारीक समिधा केल्या आणि गुरुजी वास्तूच्या होमाला पिशवी भरून घेऊन गेले. जाताना विचारत होते अजून आहे का.