सुट्टीत कोणतं: ‘व्यक्ती आणि वल्ली’ की ‘बनगरवाडी’?

गावी जाताना बॅगेत एकच पुस्तक मावेल, कुठलं नेऊ, असं मामेबहिणीने विचारलं.

सवडीचं पाहिलं तर पुलंचं ‘व्यक्ती आणि वल्ली’ सोयीचं. प्रत्येक व्यक्तिचित्र स्वतंत्र. मध्येच आंबे कापायला हाक आली तरी बिघडत नाही. ‘नारायण’ मोठ्याने वाचावा, सगळं घर हसतं. ‘अंतू बर्वा’ मात्र हसवता हसवता गळा दाटून आणतो.

व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ची कादंबरी ‘बनगरवाडी’ छोटी, पण सलग वाचायची. माणदेशातली धनगरवस्ती, नवखा तरुण मास्तर, कारभारी, आनंदा रामोशी. वाक्यं मोजकी, कोरडी. त्यातला दुष्काळ ऐन मेमध्ये अंगावर येतो. मला तर ती तेव्हाच वाचावीशी वाटते.

पुन्हा वाचायला दोन्ही टिकतात.

घर पाहुण्यांनी भरलेलं असेल तर पुलं न्या. दुपार एकटीची असेल तर ‘बनगरवाडी’.