६०० व्हीएचा घरगुती यूपीएस: बॅकअप चांगला, पण बॅटरीवर जुलूम

राउटर आणि एका संगणकापुरता हा यूपीएस. आत १२ व्होल्ट, ७ एएचची सीलबंद बॅटरी. लाइट गेली तरी राउटर बंद पडत नाही, आवाजही नाही. खोट आहे ती फ्लोट व्होल्टेजमध्ये, म्हणजे बॅटरी पूर्ण भरल्यावरही चार्जर तिच्यावर सतत ठेवतो त्या व्होल्टेजमध्ये.

२४ तास चार्जिंगला ठेवून, मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावून टर्मिनलवर मोजलं: १३.९ व्होल्ट. अशा बॅटरीला २५ अंशांना १३.५ ते १३.८ लागतात. शिवाय तापमान दर अंशाने वाढलं की साधारण २० मिलिव्होल्ट कमी करायला हवेत. इथे बॅटरी ट्रान्सफॉर्मरला चिकटून बसते. आत ३५ अंश सहज होतात, म्हणजे १३.४ पुरे. चार्जरला तापमान कळतच नाही. जादा व्होल्टेजने आतलं पाणी उडतं, धन प्लेटची जाळी गंजते आणि बॅटरी फुगून डब्यात अशी अडकते की ओढूनही निघत नाही. फार कमी ठेवलं तर प्लेटांवर सल्फेट साचतं, तेही वाईटच.

बोर्डवर छोटा निळा प्रीसेट आहे, म्हणजे हे व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्क्रू. तो अगदी किंचित फिरवून, काही तास थांबून पुन्हा मोजायचं. हे काम जाणकारानेच करावं: स्वस्त यूपीएसमध्ये बॅटरीची टर्मिनलं मेन्सपासून (घरातल्या विजेच्या लाइनपासून) वेगळी असतीलच असं नाही, उघड्या हाताने शिवू नका.

प्रीसेट लावून देणारा दुकानदार असेल तर जरूर घ्या. नाहीतर पाचपैकी अडीच.