राआ की खाझा? हिब्रू बायबलमधलं 'पाहणं' कुठून सुरू करावं

हिब्रू नुकतंच शिकायला घेतलंय आणि संदेष्ट्यांचे दृष्टांत मुळातून वाचायचेत, तर पहिला प्रश्न हाच येतो की राआ आधी धरायचं का खाझा. दोन्हींचा अर्थ पाहणं. राआ जुन्या करारात १३०० च्या आसपास वेळा येतं, खाझा जेमतेम ५० च्या घरात, त्यामुळे बरेच जण खाझाकडे वळतात, काम कमी आणि वर 'व्हिजनवालं' क्रियापद. माझं मत विचाराल तर आधी राआच.

"राआ म्हणजे डोळ्यांनी आणि खाझा म्हणजे आत्म्याने पाहणं" ही वाटणी प्रवचनात ऐकायला भारी वाटते, पण टिकत नाही. यशयाच्या पहिल्याच ओळीत खाझा आहे, बरोबर, पण सहाव्या अध्यायात उज्जीया राजा मेला त्या वर्षी यशया प्रभूला उंच सिंहासनावर बघतो, एवढा मोठा दृष्टांत, आणि तिथे क्रियापद राआ! उलट नीतिसूत्रे २२:२९ मध्ये "कामात तरबेज माणूस पाहिलास का" एवढं साधं विचारायला खाझा. निर्गम २४ तर कहरच, डोंगरावर वडीलमंडळी देवाला पाहतात, १० व्या वचनात राआ, ११ व्यात खाझा, आणि मग खातातपितात.

राआचा खरा फायदा असा की तिथे बघायला समोर काहीतरी असतं. आमोस ८ घ्या. देव पिकल्या फळांची टोपली दाखवतो (हे 'दाखवणं' पण राआचंच रूप) आणि विचारतो, आमोसा, काय दिसतंय? तो म्हणतो, कलूव कायित्स. कायित्स म्हणजे उन्हाळ्यातली फळं. लगेच उत्तर येतं, माझ्या इस्राएल लोकांचा केत्स आलाय, म्हणजे शेवट. यिर्मया १ मध्ये सेम, शाकेद म्हणजे बदाम आणि शोकेद म्हणजे लक्ष ठेवून असलेला. दृष्टांत म्हटलं की आपल्याला काहीतरी धूसर वाटतं, इथे मात्र वस्तू नीट बघायची, तिचं नाव घ्यायचं आणि त्या नावातूनच निरोप निघतो. भाषांतरात हे सगळं जातं.

खाझा बऱ्याचदा पुस्तकाच्या मथळ्यात भेटतं आणि तिथे पाहिलेली गोष्ट म्हणजे चक्क 'वचन' असतं (यशया २:१, आमोस १:१). इंटरेस्टिंग आहे, पण सुरुवातीला त्यातून हाती फार लागत नाही. अपवाद एक, तुम्हाला दानीएलच वाचायचं असेल तर खाझा आधी घ्या, कारण २:४ पासून सातवा अध्याय संपेपर्यंत भाषा अरामी (हिब्रूची जवळची बहीणभाषा) आहे आणि अरामीत खाझा हे रोजचंच पाहणं.

रोए (राआवरून, 'पाहणारा'), खोझे (खाझावरून, तोही 'पाहणारा') आणि नावी (संदेष्टा) ही तीन वेगळी पदं होती का यात सध्या अडकू नका. १ इतिहास २९:२९ मध्ये शमुवेल रोए, नाथान नावी, गाद खोझे, तिघं एकाच वचनात, म्हणून लोक तक्ते बनवत बसतात. पण १ शमुवेल ९:९ स्वतःच सांगतं की आता ज्याला नावी म्हणतात त्याला पूर्वी रोए म्हणायचे. आणि बेथेलचा याजक अमस्या आमोसाला हाकलताना खोझे म्हणतो तर आमोस उत्तर देतो मी नावी नाही, म्हणजे हे शब्द एकमेकांच्या जागी चालायचे.

सुरुवात आमोस ७ ते ९ पासून करा. पाच दृष्टांत आहेत, पहिल्या चारांत "मला दाखवलं", पाचव्यात (९:१) थेट "मी पाहिलं", आणि पाचही ठिकाणी राआ.